चौदाव्या प्रकरणातल्या टाळ्या

गुरुवारी दुपारी दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी वीज गेली.

तीन वाजून पाच मिनिटांनी ती परत आली. दिवे लागले, पंखे फिरले, खालच्या मजल्यावर पाण्याची मोटर घरघरली. रेकॉर्डिंगच्या खोलीतला कॉम्प्युटर मात्र सुरू झाला नाही.

घटना एवढीच. पुढचं ज्यांना पटणार नाही त्यांनी इथंच थांबलं तरी माझी हरकत नाही. पण ही ऐकीव गोष्ट नव्हे. तो कॉम्प्युटर ज्या बाईनं उघडला ती माझी सख्खी मावसबहीण. त्या दुपारी खोलीत तीन माणसं होती. तिघांना मी वेगवेगळं गाठून विचारलं. तिघांच्या सांगण्यात जेवढं जुळलं, तेवढंच इथं लिहिलं आहे.

मावसबहिणीला घरात सगळे टेस्टर म्हणतात. तारेत वीज आहे की नाही ते दाखवणारा पिवळ्या दांड्याचा टेस्टर कायम तिच्या अंबाड्यात खोचलेला असतो. कॉम्प्युटर दुरुस्तीत तिची अठरा वर्षं गेली. भुताबिताचा विषय निघाला की ती उठून चहा टाकायला जाते.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन वाजला.

"अगं टेस्टर, मेलो मी!"

"मेलेली माणसं फोन करत नाहीत, काका. काय बंद पडलं?"

फोन रेकॉर्डिस्ट काकांचा होता. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी एक ग्रंथालय आहे, तिथं ते पुस्तकांचं वाचन रेकॉर्ड करतात. काका तसे थंड डोक्याचे. पण त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता.

"नेहमीचा कॉम्प्युटर. बटण दाबलं तर हूं नाही की चूं नाही. आणि आत मास्तरीणबाई आहेत गं."



मास्तरीणबाई जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.

काकांना म्हणायचं होतं ते वेगळं. मास्तरीणबाई निवृत्त शिक्षिका. सहा वर्षं त्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचत होत्या. त्यांचं शेवटचं पुस्तक न्यायालयाच्या कामकाजाबद्दलचं होतं. चौदा प्रकरणं, साडेपाचशे पानं. जुनी छपाई, त्यामुळे स्कॅन केलं तर मशीन भलतंच काही वाचायचं. माणसानं बसून वाचण्यावाचून इलाज नव्हता. मास्तरीणबाईंनी ते चार महिन्यांत संपवलं. चौदावं प्रकरण सोमवारी संध्याकाळी पूर्ण झालं आणि मंगळवारी सकाळी त्या उठल्याच नाहीत.

ते वाचन फक्त त्या एका कॉम्प्युटरमध्ये होतं.

दुसरी प्रत का नव्हती, असं कुणीही विचारेल. टेस्टरनंही तेच विचारलं.

"कच्चं रेकॉर्डिंग बाहेर काढायचं नाही, हा नियम आहे ना आमचा," काका म्हणाले. "एकदा चुकून गेलं होतं. वाचक वर्षभर टाळ्या ऐकत बसले."

या टाळ्यांचं नीट सांगायला हवं.

वाचताना चूक झाली की वाचणाऱ्यानं थांबायचं, एकच टाळी वाजवायची आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचं, अशी तिथली पद्धत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, तीत टाळी सुळक्यासारखी वर येते. नंतर काकांना चूक शोधत बसावं लागत नाही. सुळका दिसला की त्याच्या मागचं चुकलेलं वाक्य कापायचं, टाळी कापायची. शिवाय काकांची एक वही असते. कोणत्या प्रकरणात कितव्या मिनिटाला टाळी पडली, ते त्यात लिहिलेलं असतं. ही सफाई झाल्याशिवाय प्रत काढायची नाही.

मास्तरीणबाई गेल्या आणि काकांचा हातच चालेना. आज करू, उद्या करू म्हणत नऊ दिवस गेले.

टेस्टर तीन चाळीसला पोचली.

खोली दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. पूर्वीचं गोदाम. उघड्या भिंती, गुळगुळीत फरशी, लोखंडी कपाटं. तिथं चमचा पडला तरी दोनदा ऐकू येतो. एका कोपऱ्यात वाचनाचा बूथ आहे. दोन माणसं जेमतेम मावतील एवढा, जाड दाराचा, एका बाजूला काच. आतून सगळीकडे स्पंज लावलेला. बूथचं दार लागलं की आतलं बाहेर आणि बाहेरचं आत काही ऐकू येत नाही.

दार लागलेलं होतं. आत अंधार होता.

भिंतीजवळच्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर पांढरी काठी. वय चौतीस. सगळे तिला वकीलसाहेब म्हणायचे, कारण दिवसभर ती कानात कायदा घालून बसलेली असायची. जन्मापासून तिला दिसत नाही. न्यायालयात दुभाषी म्हणून लागायचं, हे तिचं दहा वर्षांचं वेड. रविवारी सकाळी परीक्षा होती. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. आणि नेमलेलं पुस्तक तेच होतं.

"तुम्हीच टेस्टर ताई का?" तिनं विचारलं. "काका म्हणाले तुम्ही मेलेला कॉम्प्युटर उठवता."

"काका काहीही म्हणतात. बघू या."

"बघा तुम्हीच. माझा त्या कामात उपयोग नाही."

टेस्टरला हसावं की नाही ते कळेना. वकीलसाहेब स्वतःच हसली. पण काठीवरची तिची बोटं एकसारखी वळवळत होती.

टेस्टरनं काम सुरू केलं. वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का, पाहिलं. होती. पिन काढून कॉम्प्युटरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. आत साठलेली वीज कधीकधी अशी अडवून बसते, ती निघून जाते. पुन्हा पिन लावली. बटण दाबलं.

काही नाही. दिवा नाही. पंख्याची साधी थरथर नाही.

"उघडावा लागेल," ती म्हणाली. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं. कॉम्प्युटरचे स्क्रू काढले, पत्रा बाजूला ठेवला. हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती आत वाकली, तेवढ्यात...

टाळी वाजली.

एकच.

"काका, दचकवू नका हो."

"मी?" काका खिडकीपाशी उभे होते. त्यांच्या एका हातात कप होता, दुसऱ्यात बशी. "मला वाटलं तूच."

दोघांनी वकीलसाहेबकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात काठीवर होते.

"खाली कुणीतरी असेल," टेस्टर म्हणाली. पण तिचा हात थांबला तो थांबलाच. का कोण जाणे, तिनं अंबाड्यातला टेस्टर उपसला, पिन सॉकेटमधून जराशी ओढली आणि तिच्या धातूला लावला.

टेस्टरमधला दिवा लागला.

बोर्डावर दोन बटणं शेजारी शेजारी होती. तिनं बंद केलं होतं ते दुसरं. कॉम्प्युटरला वीज चालू होती आणि ती घामानं ओल्या झालेल्या हातानं आत शिरायला निघाली होती.

अठरा वर्षांत ही चूक तिच्याकडून झाली नव्हती.  तिनं बरोबर बटण बंद केलं, पिन उपटून टेबलावर ठेवली, हात कोरडे केले.

मग तिनं रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या काढल्या. त्यांचे सोनेरी दात खोडरबरनं घासले. पहिली पट्टी खाचेत दाबली. दुसरी दाबली.

आणि...

पुन्हा टाळी.

 ग्रंथालयात त्या दुपारी बाकी कुणी नव्हतं. वीज गेली तेव्हाच खालचे लोक घरी गेले होते.

टेस्टरनं वाकून पाहिलं. दुसऱ्या पट्टीचं एक टोक खाचेत बसलंच नव्हतं. जेमतेम केसाएवढं वर होतं.

"ताई," वकीलसाहेब हळूच म्हणाली. "एक सांगू? ही टाळी या खोलीतली नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही बोलता ते घुमतं. मघाशी कप बशीला लागला तो घुमला. टाळी घुमली नाही."

काका बाकाकडे वळले.

"कापसात वाजवल्यासारखी होती," ती म्हणाली. "मी चार महिने इथं बसून कच्चं वाचन ऐकतेय, त्याच टाळ्यांसकट. बूथमध्ये वाजते तशी."

काकांनी कप खाली ठेवला. तोही घुमला.

टेस्टर उठली. तिला राग आला होता, असं ती सांगते. कुणीतरी आपली थट्टा करतंय, असंच तिला वाटत होतं. तिनं बूथचं दार ओढलं, दिवा लावला. आत स्टूल. पुस्तक ठेवायचा तिरका स्टँड. माइक. स्टुलावरची चपटी उशी, मास्तरीणबाई पाठ दुखते म्हणून आणायच्या ती. आणखी काही नाही.

ती आत गेली. दार आपोआप मागे लागलं आणि कानांवर दाब आला. स्वतःचा श्वास तेवढा मोठ्यानं ऐकू येऊ लागला.

तिनं एकदा टाळी वाजवून पाहिली.

थप्प. लगेच मेलेला, घुमारा नसलेला आवाज.

तोच.

ती बाहेर आली. काका काचेला नाक लावून उभे होते.

"कधी वाजवणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"वाजवली."

"आम्हाला काही ऐकू आलं नाही गं."

वकीलसाहेबनंही मान हलवली. तिलाही आलं नव्हतं.

साडेचार वाजले. सहा वाजता ग्रंथालयाला कुलूप लागणार होतं. टेस्टरनं स्वतःला सांगितलं, आधी काम. नंतर काय बडबडायचं ते बडबडू.

तिनं पॉवर सप्लाय तपासला. बाहेरची वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला हवी तेवढी वाटून देणारा तो डबा. कागदांना लावायची क्लिप वाकवून हिरवी आणि काळी तार जोडली की त्याचा पंखा फिरायला हवा. फिरला नाही. वीज परत येताना जो झटका आला, त्यात तो जळला होता.

"सापडलं!" ती म्हणाली. "बाकी सगळं शाबूत असणार. माझ्याकडे दुसरा आहे."

काकांनी पहिल्यांदा खुर्चीत बूड टेकलं. "वकीलसाहेब, ऐकलंत का?"

"ऐकण्याचंच काम आहे माझं."

जुना पॉवर सप्लाय चांगल्यातला होता. त्याच्या तारा डब्यापासून सुट्या करता यायच्या. कुणीतरी त्या फार नीट बांधल्या होत्या. पत्र्यामागून नेलेल्या, दर चार बोटांवर पट्टीनं आवळलेल्या. टेस्टरच्या बॅगेतला सप्लायही तसाच, सुट्या तारांचा. तिनं घड्याळ पाहिलं. सगळ्या तारा सोडवून पुन्हा बांधायच्या म्हणजे पाऊण तास. त्यापेक्षा तारा आहेत तिथंच राहू द्याव्यात, नुसता डबा बदलावा.

जुन्या तारा तिनं नव्या डब्यात खोचल्या. चपखल बसल्या.

टाळी.

"हो, हो, ऐकली," ती दातओठ खात म्हणाली. तिनं सगळी टोकं तपासली. घट्ट होती. रॅम तपासली. बोर्डाचं बटण अंबाड्यातला टेस्टर लावून तपासलं. कुठंही चूक नव्हती. घामानं तिची पाठ भिजली होती.

"अगं, थांबू या का जरा?" काका म्हणाले.

"काका, सव्वापाच झालेत. रविवारी परीक्षा आहे तिची. मी टाळ्या ऐकत बसू का?"

तिनं पिन लावली. बोर्डाचं बटण चालू केलं. आता फक्त कॉम्प्युटरचं बटण दाबायचं राहिलं होतं. तिनं बोट पुढं केलं...

टाळी.

ही वेगळी होती. तिघंही सांगतात, ही जवळून आली. टेस्टर म्हणते, माझ्या उजव्या कानापाशी हवा हलली.

तिनं बोट मागं घेतलं.

 मग वकीलसाहेबचा आवाज आला. फार शांत.

"मास्तरीणबाई तीच चूक दुसऱ्यांदा करायच्या तेव्हा अशी वाजवायच्या. जोरात. मग वाक्य पहिल्यापासून."

पहिल्यापासून.

टेस्टरनं वीज बंद केली, पिन काढली आणि ज्या क्षणी डबा बदलला तिथपर्यंत मनातल्या मनात मागे गेली. जुना डबा. नवा डबा. तारा...

तिनं दोन्ही डब्यांवरची कंपन्यांची नावं वाचली, ती वेगवेगळी होती.

सुट्या तारांची टोकं सगळीकडे सारखीच दिसतात. कुठल्याही डब्यात बसतात. पण आतल्या तारांचा क्रम ज्या त्या बनवणाऱ्याचा वेगळा असतो. एका डब्याच्या तारा दुसऱ्याला लावल्या तर जिथं पाच व्होल्ट जायला हवेत तिथं बारा जाऊ शकतात. हार्ड डिस्क एका क्षणात जळते. शिकाऊ लोकांना ती स्वतः पहिल्या दिवशी हेच सांगते.

तिनं सगळी टोकं कॉम्प्युटरपासून सोडवली, नुसत्या डब्याला वीज दिली आणि पाच व्होल्टच्या टोकाला मीटर लावलं. बारा.

तिनं ते बटण दाबलं असतं, तर चौदाच्या चौदा प्रकरणं गेली असती.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "वाक्य परत वाचते."

तिनं जुन्या तारा एकूण एक बाहेर काढल्या. पट्ट्या कात्रीनं कापल्या. नव्या डब्याच्या नव्या तारा लावल्या. प्रत्येक टोक लावून ती थांबत होती. कान टवकारून.

काही आलं नाही.

पाच वाजून बावन्न मिनिटांनी कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर चौदाही फाइली होत्या. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. नियम बाजूला ठेवून तीन प्रती काढल्या. वकीलसाहेब उठून उभी राहिली आणि टेस्टरचा खांदा चाचपून तिनं घट्ट धरला.

"एक विचारू काका?" जिना उतरताना टेस्टर म्हणाली. "मास्तरीणबाईंना कॉम्प्युटरमधलं काही कळायचं का?"

"त्यांना?" काका म्हणाले. "अगं, माउसची वायर उंदराच्या शेपटीसारखी दिसते म्हणून त्या हात लावायच्या नाहीत. बंद कसा करायचा तेसुद्धा माहीत नव्हतं."

हे एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. घाबरलेली माणसं, रिकामी इमारत, काहीतरी वाजलं असेल.

पण शुक्रवारी सकाळी साडेआठला काकांचा फोन आला.

"फाइलींना तू हात लावला होतास का गं?"

"मी कशाला लावू?"

"चौदाव्या प्रकरणात पाच टाळ्या आहेत. माझ्या वहीत वेळेसकट लिहिल्यात." काका थांबले. "फाइलीत एकच आहे."

टेस्टर काम टाकून गेली. काकांनी पडद्यावर दाखवलं. अकराव्या मिनिटाला मास्तरीणबाई अडखळतात. थांबतात. श्वास घेतात. मग टाळीच्या जागी... सपाट रेघ. पुसलेली नाही, कापलेली नाही. कापली असती तर वेळ कमी झाला असता. टाळीला लागतो तेवढाच वेळ तिथं आहे. अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी. त्यानंतर त्या वाक्य पुन्हा वाचतात.

अशा चार जागा. तिन्ही प्रतींमध्ये त्याच चार.

गुरुवारी खोलीत ऐकू आल्या त्याही चारच.

काकांनी वहीवरून चुका शोधून एका प्रतीवर चौदाही प्रकरणांची सफाई केली. मूळ फाइली मात्र त्यांनी सगळ्या टाळ्यांसकट, चौदाव्यातल्या त्या पाचव्या टाळीसकट, तशाच ठेवल्या. का ठेवल्या, ते त्यांना सांगता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी वकीलसाहेबला स्वच्छ पुस्तक मिळालं. शनिवारची रात्र धरून तिनं ते दुप्पट वेगानं दोनदा ऐकलं.

रविवारी तिनं परीक्षा दिली. तिला दिसत नसल्यामुळे ती उत्तरं सांगते आणि शेजारी बसलेली लेखनिक लिहून घेते. स्वतंत्र खोली होती. दोघींशिवाय फक्त एक पर्यवेक्षक.

सहाव्या प्रश्नाचं उत्तर सांगून संपलं. लेखनिकनं पूर्णविराम दिला.

आणि वकीलसाहेबला टाळी ऐकू आली.

घुमारा नसलेली.

"तुम्ही ऐकलंत?" तिनं विचारलं.

"काय?" लेखनिक म्हणाली.

वकीलसाहेबनं उत्तर वाचून घेतलं. पुन्हा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा एकेक शब्द सुटा करून वाचून घेतला. चूक सापडेना. अकरा मिनिटं गेली. शेवटी घाम पुसून तिनं ते तसंच ठेवलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

संध्याकाळी तिनं टेस्टरला फोन केला. टेस्टरनं काकांना. काकांनी कॉम्प्युटर सुरू केला.

चौदाव्या प्रकरणात एकही टाळी उरली नव्हती.

त्या रात्री टेस्टरनं छापील पुस्तक समोर घेऊन फोनवरून तिला सहाव्या प्रश्नाच्या उत्तराचं पान वाचून दाखवलं. उत्तर बरोबर होतं. पुस्तकात आहे तेच, अक्षर न् अक्षर. काकांनी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. मास्तरीणबाईंनीही तेच वाचलं होतं.

"मग टाळी कशाला?" वकीलसाहेब म्हणाली. "ताई, माझी शेवटची परीक्षा होती हो."

  हल्ली टेस्टर एखादी तार लावते आणि हात तसाच ठेवून थांबते. गिऱ्हाईक विचारतं, काय झालं? ती म्हणते, काही नाही.

उत्तरपत्रिका तपासायला गेल्या सोमवारी सुरुवात झाली. निकालाची तारीख अजून जाहीर झालेली नाही.

काका रोज सकाळी वही घेऊन उरलेली तेरा प्रकरणं मोजतात. बुधवारपर्यंत सगळं जुळत होतं. गुरुवारी, म्हणजे काल, तेराव्या प्रकरणातली एक टाळी कमी भरली. काकांनी तीनदा मोजलं आणि मग टेस्टरला विचारलं, वकीलसाहेबला विचारलं.

तिघांपैकी कुणीही ती ऐकलेली नाही.